ई-पुस्तक झिजतं का हो?

प्रश्न : मुलीकडे न्यू जर्सीला आलेय. इथल्या ग्रंथालयाच्या ॲपवर एका ई-पुस्तकासाठी नऊ आठवडे नंबर लावून बसले, तर ते यादीतूनच गायब! ई-पुस्तक फाटतं की काय?
— एक आजी, मुक्काम पोस्ट सध्या अमेरिका

उत्तर : फाटत नाही आजी, फाटल्यासारखं धरतात! छापील प्रत ग्रंथालयाच्या मालकीची. ई-पुस्तकाचा मिळतो नुसता परवाना. २०११ साली हार्परकॉलिन्स या प्रकाशन संस्थेने २६ वेळा दिलं की परवाना संपला, असा नियम केला. काहींचा दोन वर्षांत संपतो. आमच्या ग्रंथालयाची खळ-कापड लावून शिवलेली एक कादंबरी पन्नासाव्या वाचकाच्या घरी आहे, त्यामुळे मला हा हिशेब पटत नाही. (लेखकाला पैसे मिळावेत, त्यात वाद नाही.) तुमच्या पुस्तकाचा परवाना बहुधा संपला असावा. काउंटरवर छापील प्रत विचारून बघा.