‘बरी आहेस ना?’ हे विचारणं बंद करा

डोंगरातल्या शर्यतींविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी बेचाळीस वर्षांची, नवरा चव्वेचाळीस. दोघंही रस्त्यावरच्या हाफ मॅरेथॉन पळतो, पण तो माझ्यापेक्षा बराच वेगवान. आता त्याच्या डोक्यात दोन दिवसांची, जोडीनं पळायची डोंगरातली शर्यत आहे. पाठीवर तंबू, स्वयंपाकाचं सामान, सगळं. रविवारी सरावाला जातो तेव्हा तो पुढे निघून जातो आणि वर एखाद्या दगडावर बसून माझी वाट बघतो. मी पोचले की ‘चल’ म्हणून उठतो. मी काही बोलत नाही. घरी आल्यावर मात्र रात्रीच्या जेवणापर्यंत आमच्यात शब्द नसतो. त्याचं म्हणणं, ‘मी थांबतोच की तुझ्यासाठी!’ नाव नोंदवावं का?
*– एक वाचक, मुलुंड*

उत्तर : नोंदवायचं की नाही ते शेवटी सांगते. आधी त्या दगडाचा हिशेब करू. प्रत्येक खिंडीत तो पाच मिनिटं बसतो. तुम्ही पोचता तेव्हा त्याची विश्रांती झालेली असते, तुमची सुरू व्हायच्या आत संपलेली असते. म्हणजे ज्याला गरज नाही तो दिवसभर आराम करतो आणि जिला गरज आहे ती सलग चालते. दुपारी तुमच्या दोघांतलं अंतर वाढतं ते तुम्ही कमी पडता म्हणून नव्हे. हे त्यांना कागदावर लिहून दाखवा. पळणाऱ्या पुरुषांना आकडे पटतात, सुस्कारे पटत नाहीत.

दुसरं म्हणजे जोडीच्या शर्यतीत पुढे जाऊन मिळत काही नाही. प्रत्येक चेकपॉइंटला, म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या नोंदीच्या जागी, दोघांनी मिळून पोचायचं असतं आणि वेळ मोजली जाते ती मागच्याची. स्वीडनमध्ये ‘ओतिलो’ नावाची जोडीनं पोहण्या-पळण्याची शर्यत 2006 पासून होते. तिथे तर जोडीदारांनी पाण्यात 10 मीटरच्या आणि जमिनीवर 100 मीटरच्या आत राहायचं, असा नियमच आहे. तुमच्या रविवारच्या सरावाला तो आजपासून लावा.

मग त्यांच्या जास्तीच्या ताकदीचं करायचं काय? ती तुमच्या पाठीवरून त्यांच्या पाठीवर न्यायची. माझी जोडीदार म्हणजे माझी धाकटी जाऊ. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, आणि चढावर बकरीसारखी. आमच्यात तंबू, स्टोव्ह, भांडं तिच्याकडे. माझ्याकडे माझी स्लीपिंग बॅग, जॅकेट, पाणी आणि खाऊ. घरात आमची वाटणी नेमकी उलटी आहे, पण तो विषय वेगळा. पाठीवरचं वजन समान वाटून घेणं म्हणजे न्याय, असं समजू नका. दोघांनाही सारखाच दम लागेल अशी वाटणी हवी. दिवसात ती दोनदा बदलावी लागली तरी बदला. चढावर त्यांच्या सॅकला बारीक इलॅस्टिकची दोरी बांधून तिचं दुसरं टोक तुमच्या कमरेला लावता येतं. बऱ्याच अ‍ॅडव्हेंचर रेसमध्ये हे सर्रास चालतं, तरी आधी नियमपत्रिका वाचा. पहिल्यांदा लाज वाटते. अर्ध्या तासात जाते. उतारावर आणि अवघड जागी मात्र ती दोरी सोडायचीच.

दोरी लावलेली नसेल तेव्हा चढावर मंद माणूस पुढे. वेग तुम्ही ठरवायचा. नकाशा मात्र त्यांच्या हातात द्या, कारण ज्याला दम कमी लागलाय त्याचं डोकं चालतं. शिवाय नकाशा हातात असला की माणूस आपोआप हळू होतो! घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगड-मातीच्या उतारावर, एकमेकांच्या थेट खाली उभं राहू नका. वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड नवरा-बायको ओळखत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘बरी आहेस ना?’ हे विचारणं त्यांनी बंद करायचं. या प्रश्नाला ‘हो’ सोडून दुसरं उत्तर आपल्याकडे देतच नाहीत. जावेला मी विचारलं तर तापानं फणफणलेली असली तरी ‘हो’ म्हणेल. म्हणून आम्ही असे प्रश्न विचारतो, ज्यांना ‘हो’ म्हणून सुटता येत नाही. शेवटचं काय खाल्लंस आणि किती वाजता? लघवीला कधी गेली होतीस, रंग कसा होता? टाचेत, बोटांत कुठे चुरचुरतंय का, आणि कुठल्या पायाला? बुटात चुरचुरायला लागल्याबरोबर थांबून टेप लावायला दोन मिनिटं लागतात. फोड आल्यावर उरलेला सगळा दिवस जातो. बोलकी बाई अचानक गप्प झाली, किंवा गप्प असणारा अचानक चिडचिड करू लागला, तर आधी खायला द्या आणि मग कारण विचारा. आणि उन्हात जोडीदार असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर शर्यत तिथेच संपली असं समजायचं. तो उष्माघात असू शकतो. सावलीत न्या, कपडे ओले करा, वारा घाला, मिळेल तितक्या पाण्यानं अंग गार करत राहा आणि मदत बोलवा. तो ‘मी ठीक आहे’ म्हणेल. ऐकायचं नाही.

आणि तुमच्यासाठी : ‘मी काही बोलत नाही’ हे वाक्य पत्रात आहे, तसं डोंगरात चालणार नाही. वेग जास्त होतोय हे खिंडीत पोचल्यावर सांगून उपयोग नसतो. दमायच्या आधी दहा मिनिटं सांगायचं.

नोंदवायचं का? एका शनिवारी शर्यतीचं सगळं सामान घेऊन कर्जतहून कोंढाणे लेण्यांच्या बाजूनं राजमाचीला चढा. रात्र स्वतःच्या तंबूत काढा, जेवण स्वतःच्या स्टोव्हवर करा आणि सकाळी तेच घामट मोजे चढवून उतरा. जोडीची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते. परतीच्या कर्जत लोकलमध्ये शेजारी बसावंसं वाटलं, तर फॉर्म भरा.

प्रश्न : माझी मुलगी तेवीस वर्षांची. ऑफिसमधल्या एका मुलाबरोबर मिश्र जोडी म्हणून दोन दिवसांच्या शर्यतीला जाणार म्हणते. रात्री एकाच छोट्या तंबूत राहायचं असतं म्हणे. मला कसंसंच वाटतं. मी जुन्या वळणाची नाही, पण…
*– एक आई, दादर*

उत्तर : त्या ‘पण…’मधलं सगळं समजलं. दिवसभर डोंगर पालथे घातलेल्या माणसांचा तंबू तुम्ही एकदा आत डोकावून बघावा अशी माझी फार इच्छा आहे. दोन जोड ओले मोजे, चिखलाचे बूट, अर्धवट शिजलेले नूडल्स आणि आठ वाजता घोरणारी दोन माणसं. त्या वासात प्रेम तग धरत असेल, तर तो मुलगा जावई म्हणून वाईट नाही.

काळजी करायचीच तर दुसऱ्या गोष्टींची करा. आयोजक सुरुवातीला सामानाची तपासणी करतात का? हेडटॉर्च, शिट्टी, फॉइलचं ब्लँकेट, रेनकोट, प्रथमोपचाराचं सामान असल्याशिवाय सोडत नसतील तर उत्तम. वाटेत डॉक्टर आहेत का? जोडी वेळेत आली नाही तर शोधायला कोण निघतं? हे मुलीला विचारा. तिला उत्तरं पाठ असतील तर निर्धास्त राहा.

तंबू पाठीवर घेऊन पळण्यामागे कारण आहे. जोडीनं, दोन दिवस, नकाशावर वाट शोधत पळायची माउंटन मॅरेथॉन ब्रिटनमध्ये 1968 पासून होते. ती मुद्दाम ऑक्टोबरच्या शेवटी ठेवतात, हवा वाईट असावी म्हणून. 2008 साली लेक डिस्ट्रिक्टमध्ये वादळी पावसात ती अर्ध्यातच रद्द करावी लागली. शेकडो लोक बेपत्ता असल्याच्या बातम्या झळकल्या. प्रत्यक्षात बहुतेक जण तंबूत, नाहीतर शेतकऱ्यांच्या गोठ्यात रात्र काढून दुसऱ्या दिवशी सुखरूप आले. सामान पाठीवर होतं म्हणून निभावलं. तेव्हा मुलीला चांगला तंबू घेऊन द्या, दोन जणांचा. एकाचा नको.

प्रश्न : मावशी, मी डोंबिवलीला राहतो, गाडी नाही. मित्र आणि मी नकाशा-होकायंत्राचा सराव कुठे करू? आणि घड्याळात जीपीएस असताना हे शिकायचं कशाला?
*– एक विद्यार्थी*

उत्तर : शिकायचं, कारण असल्या बऱ्याच शर्यतींत जीपीएस वापरायला बंदी असते. आणि सह्याद्रीत बंदी नसली तरी कारवीच्या दाट झुडपांत शिरल्यावर जीपीएस तू कुठे आहेस ते सांगतं, पुढे कातळकडा आहे ते सांगत नाही.

डोंबिवलीला राहतोस म्हणजे तू भाग्यवान, कर्जत आणि कसारा दोन्ही लाइन तुझ्या दारात. भिवपुरी रोडला उतरून सागाची वाडी, गारबेटचं पठार आणि माथेरान. परत नेरळला खाली. किंवा नेरळहून पेब किल्ला आणि शिडीनं वर येऊन माथेरानच्या छोट्या रेल्वेच्या रुळांपर्यंत. दोन्हीकडे धारा, सोंडा, नाळा स्पष्ट दिसतात, त्यामुळे जमीन आणि नकाशा ताडून बघता येतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 च्या नकाशात दोन समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) 20 मीटरचा फरक असतो. म्हणजे 15 मीटरचा कडा दोन रेषांच्या मधे गडप होऊ शकतो, हे डोक्यात पक्कं ठेव. होकायंत्राच्या बाबतीत आपण सुखी. मुंबईत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही.

फोन सॅकमध्ये टाक, ट्रॅक चालू ठेव, बघू नकोस. एकानं नकाशा वाचायचा, दुसऱ्यानं फक्त पुढे काय दिसायला हवं ते विचारायचं : ‘आता डावीकडे ओढा लागेल ना? किती मिनिटांत?’ ओढा लागला नाही तर तिथेच थांबायचं. ढोरवाट दिसली की ‘हीच असेल’ म्हणणारा जोडीदार बदलून टाक. ढोरं पाण्याकडे जातात, चेकपॉइंटकडे नाही. घरी येऊन ट्रॅक नकाशावर टाकून बघ.

वेळेच्या अंदाजाला नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा 1892 चा नियम अजून कामाचा आहे : दर 5 किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे 8 किलोमीटर आणि 600 मीटर चढ असेल तर 2 तास 36 मिनिटं. हे चालण्याचं गणित. स्कॉटलंडच्या हवेतलं. आपल्या एप्रिलमध्ये त्यात किती भर पडते ते तुम्ही दोघांनी वहीत लिहून स्वतःचा आकडा काढा.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वाटा सोडून घुसायचं नाही. पावसाळ्यात धबधब्यांच्या भागात प्रशासनाची बंदी असते, ती पाहून निघ. कड्यांवर आग्यामोहोळ असतात. खाली शेकोट्या, आरडाओरडा, अंगावर अत्तर, काही नको.

प्रश्न : पळताना ताकदीसाठी घेतात ते गोड एनर्जी जेल घशाखाली उतरत नाहीत. डोंगरात सात-आठ तास काय खाऊ?
*– बोरिवली*

उत्तर : तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, ती जेलमधून की घरच्या डब्यातून हे पोटाला कळत नाही. खजूर, चिक्की, गूळपोळी, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, केळं. आमच्याकडे जाऊ भाताचे मीठ-तूप लावलेले गोळे करून फॉइलमध्ये गुंडाळते, ते ओलसर असल्यामुळे कोरड्या तोंडातही जातात. सकाळी केलेले, दुपारपर्यंत संपवायचे. चकली-शेव नको, तहान वाढते आणि दाताखाली वेळ जातो. भूक लागायची वाट न बघता घड्याळ लावून खा, दोघांनी एकाच वेळी.

पाण्याचा मात्र अतिरेक करू नका. तहानेप्रमाणे प्या आणि मीठ पोटात जाऊ द्या. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळतं, डोकं दुखतं, बोटं सुजून अंगठी रुतते, आणि हे जिवावर बेतू शकतं. अशा माणसाला आणखी पाणी पाजणारे मदतनीस फार भेटतात. गुडघा दुखतो म्हणून शर्यतीत आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्याही घेऊ नका. घामानं शरीर सुकलेलं असताना त्या मूत्रपिंडावर उठतात.

प्रश्न : जोडीदाराचा पाय मुरगळला तर दुसऱ्यानं एकट्यानं शर्यत पूर्ण करावी का?
*– कल्याण*

उत्तर : नाही. जोडीच्या शर्यतीत एक थांबला की दोघं थांबले. पाय टाकता येत असेल तर जवळच्या चेकपॉइंटला किंवा वाडीला दोघांनी मिळून उतरा. टाकता येत नसेल तर त्याला ऊबदार ठेवा, मागून येणाऱ्या जोडीबरोबर निरोप पाठवा, रेंज असेल तर आयोजकांना आणि 112 किंवा 108 ला फोन करा. आणि उतरलात की थेट एसटी पकडून घरी जाऊ नका. आधी समाप्तीच्या टेबलावर जाऊन ‘आम्ही बाहेर पडलो’ म्हणून दोघांचे नंबर लिहून द्या, टायमिंगची चिप परत करा. नाहीतर तुम्ही घरी वरण-भात खात असता आणि चार पोरं टॉर्च घेऊन तुम्हाला रानात हाका मारत असतात.