आठवीत पोचला, की आठवी झाला?

प्रश्न : गुरुजी, मी बी.एड. करतेय. दोन देशांतले किती मुलगे कनिष्ठ माध्यमिक शिक्षण पूर्ण करतात, हे ताडून बघायचा प्रकल्प आहे. मी भारत आणि बांगलादेश घेतलेत. पण तक्त्यात काही देशांचा आकडा शंभराच्या वर दिसतो. शंभरातले एकशेपाच कसे शिकतील? आणि आमच्या गावचे मुलगे सातवीनंतर कमी होतात, ते यात कुठं दिसतात?
– एक वाचक, खानापूर तालुका, जि. बेळगाव

उत्तर : ताई, आधी शंभराचं कोडं सोडवू. जागतिक बँकेच्या तक्त्यात ज्याला 'पूर्ण होण्याचं प्रमाण' म्हणतात, तो निकाल नव्हे. शेवटच्या इयत्तेचा पट घ्यायचा, त्यातून तीच इयत्ता पुन्हा करणारे वगळायचे आणि उरलेल्यांना त्या इयत्तेच्या ठरलेल्या वयाच्या मुलांच्या संख्येनं भागायचं. भारतात ती इयत्ता आठवी, वय १३. समजा गावात तेरा वर्षांचे ४० मुलगे आहेत. आठवीच्या पटावर ४६, त्यातले ४ पुन्हा बसलेले. नवे उरले ४२. झाले १०५ टक्के. जास्तीचे कोण, तर उशिरा शाळेत घातलेले. वीटभट्टीवरून आलेली दहा वर्षांची मुलं मी स्वतः दुसरीत बसवली आहेत.

म्हणजे मुलगा आठवीच्या पटावर आला की मोजला गेला. दिवाळीनंतर तो फिरकला नाही, तरी आकडा हलत नाही. घरोघर विचारून काढलेला दुसराही एक आकडा असतो. त्यात आठवीच्या वयाहून तीन ते पाच वर्षं मोठ्या मुलांनी ती इयत्ता खरोखर पुरी केली का, हे पाहतात. एका देशाचा हा आणि दुसऱ्याचा तो, असं मात्र करू नका.

बांगलादेश निवडलात हे बरं केलंत, कारण तिथंही हा टप्पा सहावी ते आठवीच आहे. श्रीलंकेत तो नववीपर्यंत जातो. तरीही दोन्हीकडची आठवी सारखी नव्हती. आपल्याकडे २०१० पासून शिक्षणहक्क कायद्यानं आठवीपर्यंत कुणाला मागं ठेवता येत नव्हतं. २०१९ मध्ये तो बदलला आणि पाचवी-आठवीपुरती राज्यांना मुभा मिळाली. बांगलादेशात २०१० ते २०१९ आठवीच्या शेवटी देशभर सार्वजनिक परीक्षा होत होती. तिथं आठवीत पोचलेल्यापुढं अजून एक घाट उभा होता. या वर्षांचे आकडे घेणार असाल तर हे तक्त्याच्या वरच लिहा.

आणखी एक. तिथं १९९४ पासून माध्यमिक शाळेतल्या ग्रामीण मुलींना देशभर उपवृत्ती, म्हणजे शिकण्यासाठीचा भत्ता, मिळू लागली, आणि आज आठवीपर्यंतचा टप्पा पुरा करण्यात मुली मुलग्यांच्या पुढं आहेत. म्हणून मुलग्यांचा रकाना एकटा वाचू नका, शेजारी मुलींचा ठेवा. हात कामाला आले की मुलगा रोजगाराला लागतो. तिथं तसं, इथंही तसंच.

आता तुमचं गाव. कर्नाटकात आठवी बहुधा हायस्कुलात असते आणि गावची मराठी शाळा सातवीला संपते. जगाच्या तक्त्यात टप्पा आठवीला संपतो, आपल्या पोरांची वाट त्याच्या एक वर्ष आधीच तुटते. माझ्या एका वर्षीच्या सातवीत अकरा मुलगे होते. सहा जण एस.टी.नं हायस्कुलाला जाऊ लागले. तिघं मामाकडं चंदगड तालुक्यात गेले, मराठी माध्यमासाठी. एक गोव्यात बेकरीवर लागला. एक घरीच राहिला, गुरं राखायला. चंदगडचे तिघं कर्नाटकाच्या हिशेबातून गेले, महाराष्ट्राच्या हिशेबात आले, देशाच्या आकड्यात मात्र जागेवरच राहिले. बेकरीतला आणि गुराखी, हे दोघंच खरे गळाले. जिल्ह्याच्या हिशेबानं या वर्गाची गळती पाच म्हणणाऱ्याशी मी तेव्हाही भांडलो होतो, आजही भांडेन. पण त्या दोघांसाठी मी पालकांच्या दारात एकेकदाच गेलो, ते आजही मनातून जात नाही.

प्रकल्पाला एक पान जोडा. तुमच्या गावच्या शाळेतून पाच वर्षांपूर्वीच्या सातवीची यादी मागून घ्या आणि दाखला नेल्यावर एकेक मुलगा कुठं गेला, ते घरी जाऊन विचारा. मुख्याध्यापक यादी देतील, जनरल रजिस्टर जपलेलं असतं. रविवारी जा, पोरं घरी भेटतात.