‘तू वीज झालीस, तर...’

‘त्याचं माझ्यावर प्रेम आहे, पण अटी घालून. मग ते खरं म्हणायचं का?’ हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. एका तरुणीने तो विचारला तेव्हा सोबत त्याने तिच्यासाठी केलेली कविताही दाखवली. तिच्या संमतीने, ओळखीचे तपशील बदलून लिहिते आहे.

तू नदी होऊन आलीस, तर मी समुद्र होईन.
तू बहरलीस, तर मी वसंत होईन.
तू वीज झालीस, तर हे आभाळ तुझं नाही.

मैत्रिणी कवितेवर खूश होत्या. तिलाही ती आवडली होती, पण तिसरी ओळ आली की पोटात गोळा यायचा. “मॅडम, मी उगाच जास्त विचार करते का?”

मी म्हटलं, “आधी कविता नीट वाचू या.” प्रेमाच्या कवितेत जर-तर असण्यात वावगं काही नाही. ‘तू दमलीस तर मी सावली होईन’ यातही जर-तर आहेच, पण तिथे झिजायची तयारी बोलणाऱ्याची आहे. इथे मात्र नदीने सगळी वाट तुडवत यायचं आणि समुद्राने जागचं हलायचंही नाही. दुसऱ्या ओळीशी ती बराच वेळ थांबली. मग म्हणाली, “पण वसंत आला की झाड बहरतं ना? इथे मी आधी बहरायचं, मग तो येणार.” हे तिचं तिने शोधलं, याचा मला फार आनंद झाला.

वीज म्हणजे तिचा राग, हे सांगताना ती रडली. ती चिडली किंवा कशाला नाही म्हणाली, की तो अबोला धरायचा. तो सुटावा म्हणून चूक नसतानाही तीच माफी मागायची. आणि वीज तर आभाळातल्या ढगांतच तयार होते!

मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५०च्या दशकात हे मांडलं: ‘अमुक वागलो तरच मी प्रेमाच्या लायकीचा’ ही अट माणूस हळूहळू स्वतःवरच घालून घेतो आणि मग आपल्याला खरं काय वाटतं हेच त्याला कळेनासं होतं. तिचं तेच चाललं होतं. राग आला तरी तिला आधी भीती जाणवायची.

म्हणून नात्यात कसलीच अट नको, असं मात्र मी म्हणणार नाही. ‘हात उगारलास तर मी इथे राहणार नाही’ ही अट हवीच. ती एका वागण्याला असते. माणसाचा राग, रडणं, नकार प्रेमाच्या बाहेर ठेवणारी अट वेगळी. आणि नुसत्या कवितेवरून कुणाचा निकाल लावू नये. अट मोडल्यावर तो कसा वागतो, ते पाहावं.

पुढे तोही आला. त्याच्या घरी भांडण म्हणजे कित्येक दिवसांचा अबोला, एवढंच त्याने पाहिलं होतं. “मी फक्त शांत होत होतो,” तो म्हणाला, आणि ते मला खरं वाटलं. शांत व्हायला वेळ लागतोच. जोडप्यांचा अभ्यास करणारे जॉन गॉटमन भांडणात निदान २० मिनिटांची विश्रांती घ्यायला सांगतात. पण परत कधी बोलणार, हे सांगून उठायचं. आता तो ‘अर्ध्या तासाने बोलू’ म्हणून उठतो. कधी त्या अर्ध्या तासाची अख्खी रात्र होते. तेव्हा ती माफी मागत नाही. सकाळी उठून विषय तिथूनच पुढे काढते.