आयटीवाल्यानं धंदा शिकायचा तर...

अरे, धंदा शिकवणाऱ्या कॉम्पिटन्सी-बेस्ड कोर्सला अ‍ॅडमिशन घेतलीस ते मस्तच, पण नुसत्या सर्टिफिकेटमागे लागू नकोस. कॉम्पिटन्सी-बेस्ड म्हणजे किती पाठ आहे ते नाही, काय करता येतं ते बघणार. युरोपियन कमिशनचं 2016 चं एन्ट्रेकॉम्प फ्रेमवर्क वाच, त्यात धंदा करायला लागणाऱ्या 15 क्षमता दिल्यात, संधी हेरणं, पैशाचं भान, अनिश्चितता झेलणं वगैरे, आणि कोडिंग त्यात कुठेच नाही बरं का! आपली पोरं तिथंच अडकतात, आधी अ‍ॅप बनवतात नि मग गिऱ्हाईक शोधत फिरतात.

तू उलटं कर. इंदूरच्या सियागंज बाजारात एखाद्या होलसेलवाल्याकडे गर्दी नसताना जाऊन बस, उधारी कुठे लिहितो, वसुलीचा फोन कोण लावतं, व्हॉट्सअ‍ॅपवरची ऑर्डर वहीत कशी उतरते ते नुसतं बघ. "भाईसाहब, अ‍ॅप चाहिए क्या" असलं विचारूच नको, सगळे हो म्हणतात आणि पैसे कोणी देत नाही 😄 मागच्या वेळी हिशेबात घोळ झाला तेव्हा काय केलंत, हे विचार. गूगल शीटवर भागत असेल तर तेवढंच करून दे, पण महिन्याचे दोनशे का होईना, माग. फुकटात दिलेलं कोणी वापरत नाही.

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट होतं, एजंटला पैसे देऊ नको. सर्व्हिसवाल्याला सहसा 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नंबर लागत नाही, तेव्हा सीएची घाई नको. आणि पार्टनर म्हणून दुसरा कोडर घेऊ नकोस बाबा, कॉमर्सवाला बघ.