तिने भरलेला दुसरा अर्ज

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र दोनदा वाचले. कन्येला वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत पहिल्या खेपेस ४१२ आणि लातूरला वर्षभर राहून दुसऱ्या खेपेस ३८२ गुण मिळाले, तिसऱ्यांदा बसायला ती तयार नाही आणि आपल्याला न सांगता तिने बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी दिली. तेव्हा तिच्यात सकारात्मक दृष्टिकोन कसा रुजवावा, असे आपण विचारता. या मजकुराला दीड पान लागले आहे. गेल्या ऑक्टोबरपासून आपल्या पत्नीचे आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू आहे, ही गोष्ट मात्र शेवटी एका ओळीत येते आणि लगेच आपण लिहिता, ‘घरच्या अडचणी तिने मनावर घेऊ नयेत, एवढेच आमचे म्हणणे.’

मला काळजी वाटली ती या वाक्याची. आई दर खेपेस चार-चार तास यंत्राला जोडलेली असताना मुलीने ते मनावर घेऊ नये, ही अपेक्षाच मला कठोर वाटते. शिवाय ३० गुणांची घसरण आपण समजता तेवढी मोठी नाही. बरोबर येणारे उत्तर चुकले की ४ गुण हुकतात आणि वर १ वजा होतो; म्हणजे १८० पैकी सहा प्रश्नांचा हा फरक. अशा वर्षात एवढ्यावर निभावले, याचे मला कौतुक वाटते.

अडचणीचे नाव काढायचे नाही, चेहरा हसरा ठेवायचा आणि ठरलेल्या वाटेनेच पुन्हा धावायचे, यालाच सकारात्मक वृत्ती म्हणण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. ती पाडण्यात आम्हा समुपदेशकांचाही हातभार आहे, हे कबूल करतो. अडचण जेवढी आहे तेवढी मान्य करावी, तिच्यातले आपल्या हातचे काय ते निवडावे आणि मुदत टळण्याआधी तेवढे करून मोकळे व्हावे, असे मी मानतो. आईचे मूत्रपिंड मुलीच्या हातात नव्हते, गेलेले वर्षही नव्हते. अर्ज होता, तो तिने भरला. लपवून भरला हे आपल्याला खुपणारच, पण सांगितले असते तर आपण भरू दिला असता का?

‘नीट’ला सध्या प्रयत्नांची किंवा कमाल वयाची मर्यादा नाही, त्यामुळे तिला पुढे वाटलेच तर ती परीक्षा आहेच. बी.एस्सी. नर्सिंग ही ४ वर्षांची पदवी असून ‘एम्स’सारख्या संस्थांत नर्सिंग ऑफिसरची भरती त्या पात्रतेवर होते. ‘निदान नर्स तरी’ हे आपल्या पत्रातले शब्द तिच्यासमोर कृपया उच्चारू नयेत. डायलिसिसच्या कक्षात एक दिवस बसून आपल्या पत्नीची काळजी कोण घेते, ते पाहावे.

मुलीला समुपदेशनासाठी पाठवण्याची मला गरज दिसत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. खर्च अजून खिशातून होत असेल, तर अंगीकृत, म्हणजे या योजनेत सामील असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) या आठवड्यात भेटावे. आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास किंवा इतर मागास प्रवर्गातील, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना २०२४-२५ पासून केंद्रीभूत (सरकारी सामाईक फेरीतून होणाऱ्या) प्रवेशात व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. आपण त्यात बसत असाल, तर उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवावा. पत्नीला डायलिसिसला कोणी न्यायचे, याची पाळी आपल्यात आणि भावंडांत लावून घ्यावी, म्हणजे ते ओझे गृहीत धरून मुलीच्या माथी पडणार नाही. आणि महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरताना तिच्या शेजारी जरूर बसावे, क्रम मात्र तिला लावू द्यावा.