यंत्र तुमचं, पण त्यातला प्रोग्रॅम कुणाचा?

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागला राहतो. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरून करतो. दोन वर्षांपूर्वी हौसेने ब्राउझरमध्ये चालणारा, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स (टीआय) कंपनीच्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरचा एमुलेटर, म्हणजे त्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम, तयार केला. त्यावर टीआय-८३ प्लस आणि टीआय-८४ प्लस चालतात. रॉमची (यंत्राच्या चिपमधल्या मूळ प्रोग्रॅमची) फाइल मात्र ज्याची त्याने आपल्या कॅल्क्युलेटरमधून काढून आणायची. आता टीआय-८१, ८२ आणि ८५ ही जुनी मॉडेलं घालायची आहेत. मामांनी १९९४ मध्ये अमेरिकेहून आणलेला टीआय-८२ माझ्याकडे आहे, सोबत फोटो जोडलाय. ८१ आणि ८५ चे रॉम एका मित्राने पेनड्राइव्हवर दिले. चाचणीसाठी तिन्ही रॉम मी साइटवर एका लिंकवर ठेवलेत, ती पाच-सात जणांनाच माहीत आहे. शिवाय साताऱ्यात परदेशी बोर्डाच्या मुलांचा क्लास घेणारे एक सर ६० मुलांसाठी सगळे रॉम आत घालून तयार एमुलेटर मागतायत, ४० हजार द्यायला तयार आहेत. कंपनीने ही मॉडेलं कधीच बंद केली आहेत. मग यात अडचण ती कुठली?

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि आधी फोन करावासा वाटला, पण तुम्ही नंबर दिला नव्हता. म्हणून पहिल्या ओळीतच सांगतो : ती लिंक आज बंद करा. ‘पाच-सात जणांनाच माहीत आहे’ या वाक्याला कोर्टात किंमत नाही. फाइल सर्व्हरवर आहे आणि लिंक हातात असलेला कोणीही ती उतरवून घेऊ शकतो, एवढं पुरतं. फाइल काढा, पण सर्व्हरचे लॉग पुसू नका. किती जणांनी उतरवली हे उद्या कुणी विचारलं, तर तुमच्या बाजूने बोलणारा कागद तोच असेल.

आता मुद्द्याकडे येऊ. तुमच्या डोक्यात दोन वेगळ्या वस्तूंची गल्लत झाली आहे. एक वस्तू म्हणजे तुम्ही लिहिलेला एमुलेटर. झेड८० हा प्रोसेसर कसा चालतो, ९६ गुणिले ६४ ठिपक्यांचा पडदा कसा उजळतो, कळ दाबली की काय होतं, हे सगळं तुम्ही स्वतःच्या अकलेने पुन्हा बांधलंत. तो प्रोग्रॅम तुमचा. दुसरी वस्तू म्हणजे कॅल्क्युलेटरच्या चिपमध्ये बसवलेला रॉम. तो कंपनीच्या माणसांनी लिहिला. कॉपीराइट कायदा, १९५७ संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृती मानतो, आणि त्याची प्रत काढण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या मालकाचा असतो. कॅल्क्युलेटर विकत घेतला म्हणजे हा हक्क आपल्याकडे येत नाही, जसं पुस्तक विकत घेऊन ते छापायचा हक्क मिळत नाही.

‘मॉडेल बंद झालंय’ हे मी गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकलं आहे की यावर थोडं सविस्तर लिहितो. वस्तू विकणं बंद करणं आणि हक्क सोडून देणं या दोन गोष्टी कायद्यात एक नाहीत. टीआय-८१ बाजारात आला १९९० मध्ये, ८५ आला १९९२ मध्ये आणि ८२ आला १९९३ मध्ये. १९९९ च्या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट आदेशामुळे अमेरिकेतल्या कृतींना आपल्याकडेही संरक्षण आहे. आपला कायदा परदेशी कृतीला तिच्या मायदेशातल्यापेक्षा जास्त मुदत देत नाही, हे खरं. पण अमेरिकेत कंपनीने नोकरांकडून करून घेतलेल्या कामाला साधारणपणे प्रकाशनापासून ९५ वर्षांची मुदत आहे. म्हणजे १९९० च्या त्या साध्या यंत्राचा हिशेब २०८५ च्या अखेरीपर्यंत जातो. तुमची नातवंडं तेव्हा कॉलेजात असतील. हे मला स्वतःला न्याय्य वाटत नाही. जी वस्तू मालकच विकत नाही तिच्यावर एवढी दीर्घ कुलूपबंदी कशाला, असं माझं मत आहे आणि ते मी जाहीरपणे मांडत आलो आहे. पण पक्षकाराला सल्ला देताना कायदा जसा आहे तसाच सांगावा लागतो.

आता तुमच्या बाजूचं जे आहे ते. फोटो मी मोठा करून पाहिला. मागच्या झाकणावर मामांनी ब्लेडने कोरलेली त्यांच्या नावाची आद्याक्षरं दिसतात, चार बारीक सेलांच्या खाचेत एक स्प्रिंग गंजलेली आहे, आणि खालच्या कडेला लिंकच्या वायरचं ते छोटं गोल भोक. हे यंत्र कायदेशीररीत्या तुमचं आहे. जंगम वस्तूचं बक्षीस हातात दिलं की पूर्ण होतं, रजिस्ट्रेशन लागत नाही. कलम ५२(१)(एडी) सांगतं की स्वतः कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रतीवरून, स्वतःच्या आणि बिनव्यापारी वापरासाठी संगणक प्रोग्रॅमची प्रत काढली तर तो भंग नाही. म्हणून त्या भोकात वायर घालून तुमच्याच ८२ मधून १२८ केबीचा रॉम काढलात आणि तो तुमच्याच लॅपटॉपवर ठेवलात, तर मी त्याचा बचाव सांगलीत विजयनगरच्या कोर्टात छातीठोकपणे करीन. कलम ५२(१)(एबी) त्याच्या जोडीला आहे : स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती मिळवायची असेल, आणि ती अन्यत्र सहज मिळत नसेल, तर कायदेशीर ताबा असणाऱ्याला त्यासाठी आवश्यक ते करता येतं. तुमचा एमुलेटर हा नेमका तसा स्वतंत्र प्रोग्रॅम आहे. आणि ‘एसी’ खंडाखाली प्रोग्रॅम चालवून, निरखून त्यामागच्या कल्पना समजून घेणंही चालतं. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद प्रकरणात ठाम सांगितलं आहे. अमेरिकेतही २००० मध्ये सोनी विरुद्ध कनेक्टिक्स प्रकरणात प्लेस्टेशनचा एमुलेटर लिहिणाऱ्याच्या बाजूने निकाल लागला. तो आपल्यावर बंधनकारक नाही, पण युक्तिवादाला आधार म्हणून दाखवता येतो.

पेनड्राइव्हवरचे दोन रॉम मात्र या कुठल्याच खंडात बसत नाहीत. तुमच्याकडे ८१ नाही आणि ८५ नाही. ‘स्वतः कायदेशीररीत्या मिळवलेली’ हे शब्द त्या फाइलींना लागूच होत नाहीत. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणं हा कलम ६३बी खाली स्वतंत्र गुन्हा आहे : सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. पैसे कमावण्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर भागवू शकतं. तरीही ती जोखीम कशाला पत्करायची? मित्राला पेनड्राइव्ह परत करा आणि स्वतःच्या मशीनवरच्या त्या दोन प्रती काढून टाका.

जुनी मॉडेलं घालताना खरी मेख इथे आहे, आणि ती तांत्रिक वाटली तरी कायद्याची आहे. ८३ प्लस आणि ८४ प्लसच्या मालकाला वायर जोडून आपला रॉम काढता येतो, म्हणून ‘ज्याची त्याने आणायची’ हा तुमचा नियम आजवर सुरळीत चालला. टीआय-८१ ला लिंकचं भोकच नाही. म्हणजे त्याचा प्रामाणिक मालकसुद्धा सहजासहजी रॉम काढू शकत नाही, आणि मग तो तुम्हालाच म्हणणार, ‘भाऊ, तुम्हीच द्या ना.’ तुम्ही दिलात की संपलं. ८१ साठी मी वेगळी वाट सुचवतो : रॉम न घेता, त्या यंत्राचं वागणं पाहून स्वतःचा प्रोग्रॅम लिहा. जमलं तर यंत्र हाताळून टिपणं काढणारा एक जण आणि कोड लिहिणारा दुसरा, असं ठेवा. लिहिणाऱ्याने मूळ रॉम कधी उघडलेलाच नसावा, आणि टिपणांवर तारखा असाव्यात. त्यासाठी एक खराखुरा ८१ कुठून तरी विकत घ्यावा लागेल, त्याची पावती जपून ठेवा. ८२ आणि ८५ साठी तुमचा आधीचा नियम तसाच चालवा.

तुमच्या साइटच्या रचनेबद्दल दोन गोष्टी. वापरणाऱ्याने निवडलेली रॉमची फाइल त्याच्या ब्राउझरमध्येच राहू द्या, तुमच्या सर्व्हरवर चढू देऊ नका. चढली की ती साठवणारे तुम्ही झालात. दुसरं, ‘स्थिती जतन करा’ हे बटण. प्लस मालिकेत कॅल्क्युलेटरची प्रणाली फ्लॅश मेमरीत असते, त्यामुळे संपूर्ण मेमरी जतन करून ती फाइल मित्राला पाठवली की प्रणालीही सोबत जाते. हे बहुधा तुमच्याही लक्षात आलं नसेल. ८२ मध्ये रॉम वेगळा आणि रॅम (वापरणाऱ्याचा डेटा ठेवणारी मेमरी) वेगळी. तिथे फक्त रॅम जतन करा, काम सोपं होईल. प्लस मालिकेचं बटण मात्र या निमित्ताने दुरुस्त करून घ्या.

दर्शनी भागासाठी कंपनीच्या कॅल्क्युलेटरचा फोटो आणि लोगो वापरू नका, कळफलक स्वतः काढा. ‘टीआय-८२ चा रॉम यावर चालतो’ असं प्रामाणिकपणे लिहायला ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३० मध्ये वाव आहे. साइटच्या नावात मात्र ते नाव नको.

आता साताऱ्याचे सर. माणूस सरळ असेल, मुलांसाठी मागत असेल, मला शंका नाही. पण ४० हजार घेऊन रॉमसकट ६० प्रती दिल्यात की ‘बिनव्यापारी’ हा शब्द गळून पडतो आणि कलम ५२ ची सगळी ढाल जाते. मग कलम ६३ लागतं : सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजार ते दोन लाख दंड. नफ्यासाठी केलेलं नसेल तर कोर्टाला शिक्षा कमी करता येते, तीही सवलत तुम्हाला मिळणार नाही. आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो प्रकरणात हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला आहे. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय दारात येऊ शकतात. घरून काम करणाऱ्या माणसाच्या दारात, आई-वडिलांसमोर. ४० हजारांसाठी हे नको.

त्यांना सरळ सांगा की मेहनतीचे पैसे घेईन, दुसऱ्याच्या प्रोग्रॅमचे नाही. एमुलेटरची बसवणी, मुलांना शिकवणं, क्लासपुरता बदल, याचे पैसे घ्यायला हरकत नाही. रॉम ज्या मुलाकडे स्वतःचं यंत्र आहे त्याने आणायचा. क्लासने एक कॅल्क्युलेटर घेतला म्हणून ६० मुलांचं भागत नाही, हे त्यांना आधीच समजावून द्या. करारात हे वाक्य घाला : ‘या कामात कोणत्याही कॅल्क्युलेटरची मूळ प्रणाली पुरवली जाणार नाही, आणि ती परस्पर टाकल्यास त्याची जबाबदारी क्लासची राहील.’

पैसे घ्यायच्या आधी दोन कागद तपासा. झेड८० ची नक्कल करणारा गाभा तुम्ही स्वतः लिहिलात की कुठल्या मुक्त प्रकल्पातून घेतलात, हे पत्रात नाही. तो जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखालचा असेल, तर ब्राउझरला प्रोग्रॅम पाठवणं हे वाटपच धरायचं आणि तुमचा कोडही त्याच अटींवर खुला करावा लागेल. दुसरा कागद म्हणजे तुमचं नेमणूकपत्र. नोकरीच्या ओघात लिहिलेल्या कामाच्या कॉपीराइटचा पहिला मालक कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाराच असतो. शिवाय काही कंपन्या ‘नोकरीच्या काळात केलेलं सर्व काही’ असं कलम घालतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर रात्री हे काम केलं असेल तर तेही मला सांगा, लपवू नका.

आजवर कुणाची नोटीस आलेली नाही, हे चांगलं. आली तर रागाने उत्तर देऊ नका. अशा नोटिसा येतात : २००९ मध्ये टीआय-८३ प्लसची सहीची किल्ली (यंत्राने प्रणाली स्वीकारावी म्हणून तिच्यावर डिजिटल सही करायची कंपनीची गुप्त संख्या) लोकांनी शोधून काढली, तेव्हा कंपनीने त्याबद्दल लिहिणाऱ्यांना नोटिसा पाठवल्या, आणि इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने त्यातल्या काहींच्या वतीने उत्तर दिलं. तुमची साइट ठेवणारी होस्टिंग कंपनी अमेरिकन असेल तर तिथल्या कायद्याप्रमाणे ‘प्रति-नोटीस’ द्यायची, म्हणजे काढलेला मजकूर परत लावा असं कळवायची, सोय आहे. पण त्या फॉर्मवर सही करणारा परदेशी माणूस अमेरिकेतल्या फेडरल कोर्टाचा अधिकार मान्य करतो, आणि खोटं ठरल्यास शपथभंगाची जबाबदारी घेतो. लोक तो फॉर्म दोन मिनिटांत भरून मोकळे होतात. तुम्ही वकिलाला दाखवल्याशिवाय भरू नका. इथे दावा झाला तर तो जिल्हा न्यायालयाच्या पातळीवर चालेल, आणि वरचं काम आता मुंबईला न्यावं लागत नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे.

शेवटचं काम मामांकडे आहे. १९९४ ची पावती कुणाकडे नसणार. त्यांच्याकडून साध्या कागदावर लिहून घ्या : हा टीआय-८२ मी अमुक शहरात विकत घेतला, मागे माझी आद्याक्षरं मीच कोरली, आणि तो मी भाच्याला दिला. खाली सही आणि आजची तारीख. यंत्राचा तो फोटो त्याच कागदाला जोडा. हा कागद लवकरात लवकर तुमच्या फाइलीत आलेला असू द्या.