कुंडीतला मोगरा वर्षानुवर्षं टिकवायचा असेल तर

ताई, पहिली गोष्ट म्हणजे वावरातली काळी माती तशीच कुंडीत भरू नका. आपली माती कसदार आहे हे खरं, पण कुंडीत ती पावसाळ्यात चिखल होऊन बसते आणि उन्हाळ्यात आक्रसून कडेने सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं. माती वरून ओली दिसते, आतला गड्डा मात्र कोरडाच. माझा पहिला मोगरा असाच गेला, अजून हळहळ वाटते. आता मी एक घमेलं माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, एक घमेलं जाड रेती आणि दोन मुठी निंबोळी पेंड घेते. तळाच्या छिद्रावर खापर उपडं ठेवायचं.

कुंडी दीड फुटाची तरी हवी. जास्वंद, कण्हेर, बोगनवेल यांनाही हेच.

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा झाडापेक्षा कुंडीची भिंत जास्त तापते आणि कडेची मुळं भाजतात. म्हणून कुंडीला ओलं पोतं गुंडाळा, मातीवर सोयाबीनचं कुटार पसरा, पाणी सकाळीच द्या. कण्हेर ऊन सोसते, मोगऱ्याला दुपारी सावली लागते.

दर दोन वर्षांनी, मृग बरसला की झाड गड्ड्यासकट काढा, कडेची गुंतलेली मुळं विळ्याने छाटा, नवी माती भरा. भीती वाटेल, पण आठ-दहा दिवस सावलीत ठेवलं की नवे कोंब दिसतात.